बाईंनी कौतुक केलं नाही

त्या कोर्टातल्या वकिलांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. बाईंनी तुमचं कौतुक केलं, की तुमच्या अशिलानं पिशवी उचलावी आणि घरची वाट धरावी. निकाल सांगताना बाई सुरुवातीलाच म्हणायच्या, ‘विद्वान वकिलांनी अतिशय समर्थपणे बाजू मांडली,’ मग एक छोटा श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘तथापि.’ त्यानंतर काय येणार हे सांगायला वकिलीची सनद लागत नसे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला नुसता निकाल यायचा आणि हरणाऱ्याच्या वाट्याला कौतुक. एका नवख्या वकिलानं तर बार रूममध्ये हात जोडून सांगितलं होतं, की बाईंनी मला वाटेल ते म्हणावं, फक्त समर्थ म्हणू नये.

बाई म्हणजे त्या कोर्टातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. त्यांच्याआधी त्या इमारतीत बायका यायच्या त्या साक्षीला, नाहीतर आरोपी म्हणून, नाहीतर फरशी पुसायला. बाई खुर्चीत बसल्या तरी जुने वकील सवयीनं वर्षभर त्यांना ‘माय लॉर्ड’च म्हणत राहिले, आणि बाईंनीही त्यांना कधी टोकलं नाही. न्यायाधीशांनी दुपारी एकत्र जेवायची तिथली पद्धत होती. पण बाई त्या खोलीत शिरल्या की रंगात आलेला विनोद मध्येच बंद पडायचा आणि चांगली पिकल्या केसांची माणसं अचानक हवापाण्याबद्दल बोलायला लागायची. काही महिन्यांनी बाईंनाच त्यांची दया आली. त्यांनी डबा आपल्या खोलीत उघडायला सुरुवात केली, आणि कुणी त्यांना परत बोलावलं नाही.

आता बाईंच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता. वर्तमानपत्रवाले ‘पहिल्या’ म्हणून मुलाखत मागत होते, वहिनी फोन करून करून विचारत होती की आता पुढे काय, आमच्याकडे येऊन राहता का. बाई सगळ्यांना बघू म्हणत होत्या. पुढे काय ते त्यांचं केव्हाच ठरलेलं होतं, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी त्यांना लवंगीकडे जायचं होतं.

लवंगी म्हणजे त्याच कोर्टातली वकील. उंचीनं एवढीशी आणि फुटली की कानठळ्या बसवणारी, म्हणून लवंगी. युक्तिवादाला उभी राहताना पायाखाली एक लाकडी ठोकळा घ्यायची, नाहीतर समोरच्या मेजावरून तिचे नुसते डोळे दिसायचे. बाई आणि ती एकाच वर्षी वकिलीत आल्या. बायकांना बसायला वेगळी जागा नव्हती आणि पुरुषांच्या खोलीत कुणी सरकून जागा देत नव्हतं, म्हणून दोघी ग्रंथालयामागच्या जिन्यावर बसायच्या. तिथेच डबा, तिथेच अशील, तिथेच एकमेकींची उलटतपासणी. ग्रंथालयातले वरच्या फळीवरचे जाड खंड लवंगीचा हात पोचत नसल्यामुळे बाईच काढून द्यायच्या. त्यावरून लवंगीनं त्यांचं नाव ठेवलं होतं शिडी. पुढे जगानं त्यांना न्यायमूर्ती म्हटलं, माननीय म्हटलं, पण ‘शिडे’ म्हणणारं माणूस एकच होतं.

बाईंची नेमणूक झाली तेव्हा शपथेच्या आदल्या दुपारी दोघी जिन्यावर बसल्या होत्या. बाईंनी मुख्य न्यायाधीशांना आधीच सांगितलं होतं, की मैत्रिणीचे खटले माझ्यापुढे नकोत. ते म्हणाले, एवढ्याशा गावात एवढंसं कोर्ट, इथे कोण कुणाला ओळखत नाही, असं सोडत बसलात तर कोर्टाला कुलूप लावावं लागेल. तेव्हा तोडगा लवंगीनंच काढला.

“उद्यापासून तू मला ओळखत नाहीस,” ती म्हणाली. “मी तुझ्याकडे एकदा चहाला आले, की समोरचा वकील हरायच्या आधीच बोंब मारेल. चहा नाही, फोन नाही, सणासमारंभाला नाही. निवृत्त झालीस की पहिल्या सकाळी माझ्याकडे ये. तोवर सगळं साठवून ठेव.”

“काय साठवून ठेवू?”

“कोण काय म्हणालं, कुणाचा केसांचा टोप उडाला, कोण खुर्चीत घोरलं. हसायचं राहील ते सगळं.”

दोघीही शब्दाला पक्क्या. अठरा वर्षं दोघींनी तो शब्द खाली पडू दिला नाही. रोज एकमेकींना पाहायच्या, वीस हातांवरून, एक वर आणि एक खाली ठोकळ्यावर. बाईंची आई गेली तेव्हा लवंगीचा एक खटला त्यांच्यापुढे अर्धवट ऐकून झाला होता. घरात माणसांची रीघ लागली होती. बाईंनी सहज खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या दुकानाच्या छपराखाली लवंगी उभी. ती आत आली नाही, मान वर करून हाकही मारली नाही, संध्याकाळी दुकानदारानं फळी लावली तेव्हा निघून गेली. घरात इतके लोक होते, पण बाई मनातून त्या छपराशी जाऊन बसल्या होत्या. त्या रात्री त्यांना आईसाठी रडू आलं की मैत्रिणीसाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

साठवणीचं मात्र त्यांनी चोख पाळलं. एका साक्षीदारानं शपथ घेताना चुकून लग्नाचं वचन दिलं होतं. एक ज्येष्ठ वकील स्वतःच्याच अशिलाविरुद्ध पाऊण तास बोलले होते आणि जिंकलेही होते. असं काही घडलं की बाई वर बसून ओठ आवळायच्या आणि नजर खाली जायची. खाली लवंगी फायलीत तोंड खुपसून बसलेली असायची आणि तिचे खांदे हलत असायचे. घरी गेल्यावर बाई एकट्याच टेबलाशी बसून तो प्रसंग मनातल्या मनात रचून ठेवायच्या, लवंगीला सांगताना कुठे थांबायचं त्यासकट.

एक गोष्ट मात्र त्या शब्दात बसत नव्हती आणि ती बाईंच्या लक्षात आली नव्हती. आपण मैत्रिणीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, याची त्यांना इतकी धास्ती होती की जिथे तराजू अगदी बरोबरीत असे तिथे त्यांचा हात आपोआप पलीकडे पडायचा. त्याला त्या कर्तव्यकठोरपणा म्हणायच्या. कोर्टात सगळ्यात जास्त कौतुक लवंगीचं व्हायचं, यावरून काय ते समजा. लवंगीचे अशील हळूहळू दबकत विचारू लागले, की बाईंच्या कोर्टात नाही ना आपली तारीख. लवंगीनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

निवृत्तीआधीच्या त्या शेवटच्या आठवड्यात बाईंपुढे आला तो बंदरावरच्या एका बाईचा खटला. ती क्रेन चालवायची. जमिनीपासून खूप उंचावर, काचेच्या खोक्यात एकटी बसून, जहाजातले मालाचे मोठे डबे उचलून धक्क्यावर ठेवायचे हे तिचं काम. ते ती इतकं अलगद करायची की खालचे लोक तिच्या पाळीत डोक्यावरची संरक्षक टोपी काढून ठेवत. तिला मुख्य चालक व्हायचं होतं, पण त्यासाठी रात्रपाळ्या केलेल्या असाव्या लागत. आणि बायकांना त्यांच्याच सुरक्षिततेसाठी क्रेनवर रात्रपाळी द्यायची नाही असा बंदर चालवणाऱ्या कंपनीचा नियम होता. थोडक्यात, परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि मग नापास म्हणायचं.

तिची वकील लवंगी. कंपनीचे वकील मोठे गोड बोलणारे होते. त्यांनी एक जुना निकाल अलगद बाईंपुढे सरकवला. टेलिफोन कार्यालयातल्या एका बाईनं रात्रपाळीसाठी केलेला अर्ज बाईंनीच फार पूर्वी फेटाळला होता. असा नियम बायकांच्या भल्यासाठी असतो, म्हणून तो चालेल, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हाही वकील लवंगीच होती.

“माय लेडींच्याच शब्दांपुढे मी पामर आणखी काय बोलणार,” वकील म्हणाले आणि खाली बसले.

लवंगी ठोकळ्यावर चढली. तिनं आवाज चढवला नाही, आणि त्याचंच बाईंना आश्चर्य वाटलं. ती एवढंच म्हणाली, की त्याच धक्क्यावर रात्रभर झाडू मारायला बायका असतात, कार्यालयं पुसायलाही असतात. त्यांच्या सुरक्षिततेचा नियम कंपनीला आजवर सुचला नाही. अंधार काय फक्त वरच्या पगाराच्या जागीच पडतो, असं तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती उतरली.

त्या कोर्टात निकाल न्यायाधीशानं खुर्चीत बसूनच, सगळ्यांसमोर, स्टेनोला तोंडी सांगायचा अशी रीत होती. बाईंनी चष्मा काढून पुसला. जुना निकाल त्यांचाच होता, त्याच्या विरुद्ध जायचं म्हणजे लोक म्हणणार, निघता निघता मैत्रिणीला आहेर केला. इतक्या वर्षांची अब्रू शेवटच्या आठवड्यात कशाला पणाला लावा. तराजू बरोबरीत आहे असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्या सांगू लागल्या.

“अर्जदाराच्या विदुषी वकिलांनी अतिशय समर्थपणे बाजू मांडली.”

एवढं बोलून त्यांनी नेहमीचा छोटा श्वास घेतला आणि सहज खाली पाहिलं. लवंगी फायलीची नाडी बांधत होती. तिनं ‘तथापि’ची वाट पाहिलीच नव्हती. चिडून नाही, रुसून नाही, दुकान बंद करायची वेळ झाल्यावर दुकानदार माल आवरतो तशी ती कागद आवरत होती. शेजारची क्रेनवाली तिच्याकडे बघत होती, आणि लवंगीनं तिच्या हातावर हात ठेवून हळूच मान हलवली. बाईंनी नजर वळवली तर स्टेनोची पेन्सिल त्यांच्या पुढे निघून गेलेली. अजून तोंडातून न आलेला शब्द त्यानं केव्हाच लिहून टाकला होता.

आपण काय बोलणार हे सगळ्या खोलीला माहीत आहे, आणि आपण अजून ठरवतोय असं फक्त आपल्याला वाटतंय, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

“शेवटचं वाक्य खोडा,” त्या स्टेनोला म्हणाल्या. “उरलेलं जेवणानंतर.”

डबा त्यांनी उघडलाच नाही. आपल्या खोलीत बसून त्यांनी टेलिफोनवाल्या बाईचा जुना निकाल सुरुवातीपासून वाचला. आपलंच लिखाण माणूस जरा कौतुकानं वाचतं, तसंच त्यांनी सुरू केलं. लवंगीचा मुद्दा त्यात व्यवस्थित नोंदवला होता. त्या कार्यालयातही रात्री फरशी पुसायला बायका होत्या, तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं. पुढच्या ओळीत तिचं कौतुक होतं. त्याच्या पुढे ‘तथापि’. आणि त्याच्या पुढे त्या मुद्द्याचं उत्तर कुठेच नव्हतं. बाईंनी पानं मागेपुढे करून पाहिली. उत्तर द्यायच्या जागी त्यांनी कौतुक ठेवलं होतं. समानतेचं जे कलम लवंगीनं दाखवलं होतं त्याला निकालात हातही लावलेला नव्हता. एवढी वर्षं ज्याला आपण निःपक्षपात म्हणत आलो तो मैत्रिणीशी केलेला पक्षपात होता, फक्त उलट बाजूनं. असे आणखी किती निकाल असतील ते मोजायची त्यांना हिंमत झाली नाही. त्या खोलीत त्या कायमच एकट्या बसत, पण इतकं एकटं त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

जेवणानंतर त्यांनी निकाल सांगितला. आधीचा निकाल देताना महत्त्वाच्या कलमाचा विचारच झाला नव्हता, त्यामुळे तो बांधील नाही. ती चूक या न्यायालयाची, म्हणजे सध्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीची आहे. जे संरक्षण झाडू मारणाऱ्या बाईला मिळत नाही आणि क्रेनवर चढू पाहणाऱ्या बाईला मात्र नको असताना मिळतं, त्याला संरक्षण म्हणता येत नाही. नियम रद्द. अर्जदाराला रात्रपाळी द्यावी आणि परीक्षेला बसू द्यावं. निकाल छोटासाच होता. त्यात वकिलांबद्दल एक अक्षर नव्हतं.

क्रेनवालीला आधी काही कळलंच नाही, ती पिशवी उचलून उभी होती. लवंगीनं तिला खाली बसवलं. मग रिवाजाप्रमाणे उठून बाईंना मान झुकवली, इतर वकील झुकवतात तेवढीच, आणि निघून गेली.

निरोपाचा समारंभ झाला. ‘पहिल्या’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की बाईंना तो आपल्याबद्दल आहे असंही वाटेना. कंपनीच्या गोड वकिलांनी भाषणात जुन्या मैत्रीचा महिमा गायला आणि काही लोक गालात हसले. बाई मूग गिळून बसल्या. न्यायाधीशानं निकाल द्यायचा असतो, त्याचा खुलासा द्यायचा नसतो, ही त्यांची स्वतःचीच शिकवण होती. लवंगी शेवटच्या ओळीत होती. भाषणं संपल्यावर गर्दीतून वाट काढेपर्यंत ती खुर्ची रिकामी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पायीच निघाल्या. गाडी सरकारजमा झाली होती आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. साठवलेलं सगळं त्या वाटेत उजळत होत्या. लग्नाचं वचन देणारा साक्षीदार आधी सांगायचा की ते ज्येष्ठ वकील, यावर त्यांचं स्वतःशीच दोन गल्ल्या एकमत होत नव्हतं. शाळेत पहिल्यांदा बक्षीस घ्यायला जाताना झाली होती तशी छातीत धडधड होत होती, आणि या वयात ती होतेय याचं त्यांना हसूही येत होतं. लवंगीचं घर रस्त्याला लागूनच होतं, पुढे लोखंडी फाटक. त्यांनी कडीला हात घातला.

लवंगी आतून आली. ठोकळा नसल्यामुळे फाटकावरून तिचे केस आणि डोळेच तेवढे दिसत होते. तिनं कडी आतून धरून ठेवली.

“कंपनी वरच्या कोर्टात गेली,” ती म्हणाली. “काल संध्याकाळी मला अपिलाची प्रत मिळाली. पहिला मुद्दा काय आहे माहितीये? तू आणि मी.”

बाईंचा हात अजून कडीवरच होता.

“जुन्या मैत्रिणी आहेत, निवृत्त होता होता भेट दिली, असं लिहिलंय. मी सरळ उत्तर देणार आहे, की अठरा वर्षांत या दोघींनी एकमेकींच्या घरचा उंबरा पाहिलेला नाही. आज तू आत आलीस तर ते खोटं ठरेल, शिडे. माझं जाऊ दे. ती क्रेनवाली परत खाली येईल.”

इतक्या वर्षांनी ‘शिडे’ ऐकलं आणि बाईंनी कडीवरचा हात काढून घेतला. त्यांनी विचारलं, अपील किती चालेल. लवंगी म्हणाली, वरच्या कोर्टाचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते खरंच होतं. वर्षं जायची. दोघींच्या वयाकडे पाहता तो प्रश्न तसा विचारण्यासारखाही राहिला नव्हता.

“तुला तरी ती भेट वाटली का?” बाईंनी शेवटी विचारलं. दुसऱ्या कुणाच्या मताची त्यांना पर्वा नव्हती, पण हे ऐकल्याशिवाय त्यांना परत जाता आलं नसतं.

“जेवणाच्या सुट्टीत मला धाकधूक होती,” ती म्हणाली. “नंतर तू सांगायला लागलीस, आणि कौतुक केलं नाहीस. तेव्हा म्हटलं, आज हिनं माझं ऐकलंय.”

तिचे डोळे भरून आलेले फाटकावरून दिसत होते. ती पुढे म्हणाली, “जा आता. कुणी बघेल. आणि साठवलेलं सांडू नकोस, आणखी थोडं साठव.”

ती आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज बाईंनी ऐकला. त्या वळल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. पलीकडे एक चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं, त्याला पत्र्याचं छप्पर होतं. बाई त्या छपराखाली जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदारानं विचारलं, काय हवंय. बाई म्हणाल्या, काही नाही, जरा उभी राहते. रस्त्यावर उभं राहायला कुठल्याही कलमाची आडकाठी नव्हती.

थोड्या वेळानं समोरच्या घराची खिडकी उघडली. लवंगीनं टेबल ओढून खिडकीशी आणलं, अपिलाची फाईल उघडली आणि चष्मा लावून ती लिहायला बसली. तिनं मान वर केली नाही. पण कागद उलटता उलटता मध्येच तिचे खांदे हलायला लागले, पूर्वी कोर्टात हलायचे तसे. हसत होती की रडत होती ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. दुकानदारानं आतून एक स्टूल आणून दिलं आणि बाई त्यावर बसल्या.